कूपे घ्यावी की हॉट हॅच? टेस्ट ड्राइव्ह सगळ्यात शेवटी

दोन दारांची देखणी कूपे घ्यावी की घरच्यांना सामावून घेणारी जोरकस हॅचबॅक, हा प्रश्न बहुतेक जण टेस्ट ड्राइव्ह करून आल्यावर विचारतात. तोवर निर्णय मनात झालेला असतो, विचारणं फक्त शिक्कामोर्तबासाठी असतं. मग गाडी सोसायटीच्या रॅम्पवर खाली लागते, आई मागच्या सीटवर बसायला नकार देते आणि हेडलाइटची किंमत ऐकून झोप उडते. हे सगळं आधी कळण्यासारखं असतं, चुकतो तो फक्त क्रम.

हा लेख महाराष्ट्रात गाडी चालवणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे दोन दारांची नवी कूपे जवळजवळ कोटीच्या घरात सुरू होते. त्यामुळे खरी निवड असते ती वापरलेली कूपे (ऑडी टीटी, फोर्ड मस्टँग जीटी) आणि नवी किंवा वापरलेली हॅच यांच्यात. हॅचमध्ये ह्युंदाई आय२० एन लाइन, टाटा अल्ट्रोझ रेसर, चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय, रांजणगावची अबार्थ पुंतो आणि वरच्या टोकाला आयात केलेली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय. चार दारांच्या उतरत्या छताच्या गाड्यांनाही हल्ली कंपन्या कूपे म्हणतात. त्या इथे धरलेल्या नाहीत.

## तयारी

टेप, सुतळी, टॉर्च, मोबाइलला जोडता येणारा ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं छोटं यंत्र) आणि एक वही. रीडर ऑनलाइन स्वस्तात मिळतो. शक्य असेल तर गाड्यांचं वेड नसलेला घरातला एक माणूस सोबत ठेवा. त्याचं मत तुमच्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

## पायरी १: आठवडाभराची नोंद

सध्याच्या गाडीत रोज कोण बसलं, कुठे बसलं, डिकीत काय ठेवलं, गाडी कुठे उभी केली, एवढं आठवडाभर लिहा. अंदाजाने लिहू नका. "मागे कोणी बसतच नाही" असं ठामपणे सांगणाऱ्यांच्या नोंदीत मुलांची शाळा, सासूबाईंचा दवाखाना आणि स्टेशनवर घ्यायला जायचे पाहुणे निघतात.

नोंद झाली की एकच प्रश्न: ही घरातली एकमेव गाडी असणार का? उत्तर "हो" असेल आणि मागच्या सीटवर आठवड्यातून दोनदा जरी मोठं माणूस बसत असेल, तर कूपेचा विषय इथेच बंद करा. पुढच्या पायऱ्या फक्त हॅचसाठी करा. हा नियम कडक वाटेल, पण घरात एकच गाडी असताना घेतलेली कूपे लवकरच विकायला निघते, आणि घाईत विकणाऱ्याला भाव मिळत नाही.

तपासा: यादीतल्या गाडीची दारं मोजा, नावावर जाऊ नका. २०१६ मध्ये भारतात आलेली पोलो जीटीआय हॅच असूनही तीन दारांची होती. मिनी कूपर एसचंही तसंच. मागच्या सीटचा प्रश्न असेल तर या दोन्ही गाड्या कूपेच्याच रकान्यात लिहा.

## पायरी २: टेप घेऊन पार्किंगमध्ये उतरा

गाडी बघण्याआधी जागा बघा. ही पायरी जवळपास सगळेच गाळतात, आणि सगळ्यात जास्त मनस्ताप तिथूनच येतो.

रॅम्पचा उंचवटा. बेसमेंटचा रॅम्प वर येऊन सपाट होतो तिथे गाडीचं पोट घासतं. ते असं मोजा. गाडीच्या व्हीलबेसइतकी, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधल्या अंतराइतकी सुतळी घ्या. टीटीचा व्हीलबेस २,५०५ मिलिमीटर, आय२०चा २,५८० आणि मस्टँगचा २,७२० आहे. दोघांनी सुतळीची टोकं जमिनीपासून बरोबर ३० सेंटीमीटर उंचीवर धरून ती ताणायची, उंचवटा मधोमध येईल अशी. आता उंचवट्याच्या टोकापासून सुतळीपर्यंतचं अंतर मोजा. ते १८ सेंटीमीटर भरलं तर उंचवटा १२ सेंटीमीटरचा झाला. गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाची जमिनीपासूनची उंची, यापेक्षा निदान तीन-चार सेंटीमीटर जास्त हवा, कारण माणसं बसली की गाडी खाली दबते.

आकडे बघितलेत तर लक्षात येईल की टीटी आय२०पेक्षाही आखूड आहे. म्हणजे कूपे म्हटली की ती पोटाला लागणारच, असं नाही. लांब मस्टँगला धोका जास्त. उलट हॅच म्हणून निर्धास्त राहू नका, अबार्थ पुंतो नेहमीच्या पुंतोपेक्षा खाली बसवलेली होती.

गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच हवा. तसा कोणाच्या गल्लीत असेल तर तो भाग्यवान. रोजच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट गतिरोधक शोधून त्याची उंची वहीत लिहा.

दाराची जागा. कूपेचं दार लांब असतं, त्यामुळे आत-बाहेर व्हायला ते जास्त उघडावं लागतं. मस्टँगची रुंदी आरसे सोडून १,९१६ मिलिमीटर आहे. अडीच मीटरच्या जागेत मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना जेमतेम २९ सेंटीमीटर उरतात. शेजारी खांब असेल तर तुम्ही गाडी लावाल, पण बाहेर कसे येणार?

सावधान: यांत्रिक स्टॅक पार्किंग असेल तर त्याच्या फलकावर लिहिलेली रुंदी, लांबी आणि वजनाची मर्यादा वहीत उतरवून घ्या. प्लेटच्या कडेला पुढचा बंपर लागतो का, हे मात्र गाडी आणून बघितल्याशिवाय कळत नाही. विक्रेत्याला तशी अटच घाला.

## पायरी ३: खर्चाचा हिशेब, किमतीचा नव्हे

एक्स-शोरूम किंमत बाजूला ठेवा. ऑन-रोड किंमत आणि पहिल्या दोन वर्षांचा खर्च अशी बेरीज करा.

महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के रोड टॅक्स आहे. आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावर घेतलेल्या गाडीला २० टक्के. गोल्फ जीटीआय मे २०२५ मध्ये ५३ लाख एक्स-शोरूम किमतीला आली. ती पूर्ण आयात, म्हणजे नुसता टॅक्स दहा लाखांच्या वर. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएसही (विक्रेता आयकराच्या नावाने घेतो ती रक्कम) भरावा लागतो, तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. लोक विसरतात तो हाच.

चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठीला ४० टक्के. आय२० एन लाइनचं इंजिन ९९८ सीसीचं आणि अल्ट्रोझ रेसरचं ११९९ सीसीचं. दोन्ही १२० पीएसच्या (पीएस म्हणजे अश्वशक्ती मोजायचं एकक) गाड्या, दोन्ही लहान गटात. थर्ड पार्टी विम्यातही सीसीवरच गट पडतात: २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे १,००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १,५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. मस्टँगचं पाच लिटरचं व्ही-एट इंजिन याच शेवटच्या गटात येतं. खरा फरक पडतो तो स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात. तो गाडीच्या आयडीव्हीवर (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) आणि वयावर ठरतो, आणि जुन्या आयात कूपेला झीरो डेप्रिसिएशन, म्हणजे सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई, मिळेलच असं नाही. गाडी ठरवण्याआधी दोन विमा कंपन्यांकडून लेखी कोटेशन घ्या.

जुनी कूपे नव्या हॅचच्या भावात मिळते तेव्हा मोह होतो. पण गाडीची किंमत उतरली तरी सुट्या भागांची उतरत नाही. साठ लाखांची टीटी कितीही स्वस्तात घेतली, तरी तिचा हेडलाइट साठ लाखांच्या गाडीचाच राहतो.

## पायरी ४: गाडीआधी गॅरेज

यादीत तीन गाड्या उरल्या असतील असं धरतो. प्रत्येकीसाठी अधिकृत सर्व्हिस सेंटर आणि एक चांगला बाहेरचा मेकॅनिक, दोन्हीकडे पाच वस्तूंचे भाव आणि त्या किती दिवसांत मिळतील ते विचारा: हेडलाइट, पुढची काच, पुढचा बंपर, गिअरबॉक्सची सर्व्हिस आणि एक टायर. "मागवून देऊ" हे उत्तर धरू नका. किती दिवसांत, तो आकडा हवा.

इथे काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

तिसऱ्या पिढीची टीटी, जी २०१५ मध्ये भारतात आली, तिचं दोन लिटरचं टर्बो इंजिन आणि गोल्फ जीटीआयचं इंजिन एकाच घराण्यातलं, ईए८८८. बॉडीखालचा सांगाडाही फोक्सवॅगन समूहाच्या एमक्यूबी कुळातला. हेच घराणं ऑक्टाव्हिया आणि सुपर्बमध्येही असल्यामुळे इंजिनाचं काम जाणणारे हात पुण्या-मुंबईत सापडतात. बॉडीचे भाग मात्र फक्त टीटीचेच, तिथे वाट बघावी लागते. क्वात्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी ऑडीची यंत्रणा, असल्यामुळे मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या हॅल्डेक्स कपलिंगचं तेल ठराविक काळाने बदलावं लागतं. आधीच्या मालकाने ते बदलल्याची पावती मागा. नसेल तर बदललेलं नाही असंच समजा.

१.२ लिटरची पोलो जीटी टीएसआय आणि पोलो जीटीआय, दोन्हींत सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), डीक्यू२००. या गिअरबॉक्सला २५० न्यूटनमीटरची मर्यादा, म्हणून १९२ पीएसच्या जीटीआयचा टॉर्कही (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) तिथेच अडवलेला. मुंबईच्या गर्दीत रोज सरपटत चालवलेला डीक्यू२०० आणि हायवेवर चाललेला डीक्यू२००, यांच्या तब्येतीत मोठा फरक असतो. त्यामुळे अशा गाडीचा पहिला मालक कुठे राहायचा हे किलोमीटरपेक्षा महत्त्वाचं. टीटीचा सहा गिअरचा डीएसजी ओल्या क्लचचा. तो गर्दी बरी सोसतो, पण दर ६०,००० किलोमीटरला तेल मागतो.

फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवण्याची घोषणा सप्टेंबर २०२१ मध्ये केली, फियाट त्याआधीच गेली. सर्व्हिस मिळते. पण १४५ बीएचपीची अबार्थ घेणाऱ्याने आपला मेकॅनिक आधी ठरवावा, गाडी नंतर. पिकअप अफलातून, भाव मोहात पाडणारा, आणि काही सुट्या भागांसाठी ओळखी लागतात.

तपासा: पेट्रोलच्या झाकणाच्या आतलं स्टिकर वाचा. किती ऑक्टेन आणि किती इथेनॉल चालतं ते तिथे किंवा मॅन्युअलमध्ये असतं. पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न मेकॅनिकला विचाराच.

## पायरी ५: कागद

वापरलेली गाडी असेल तर प्रत्यक्ष बघायला जाण्याआधी आरसीचा फोटो मागवा. वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून मालकाचं नाव, कितवा मालक, विम्याची मुदत, बँकेचा बोजा आणि थकीत चलन बघा. यात काही अडलं तर जाण्याचा त्रास वाचला.

- कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५.
- नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०.
- दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८.
- १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) पाटी बसवलेली हवी.

दिल्लीची स्वस्त कूपे बघून भुलणारे बरेच असतात. तिथे गाड्यांच्या वयावर निर्बंध आल्यामुळे त्या बाहेर येतात. पण इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवीन नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा टॅक्स भरावा लागतो. तिकडच्या टॅक्सचा परतावा मागता येतो, पण खेटे तुम्हीच घालायचे. स्वस्ताईतून ही रक्कम वजा करूनच भाव बघा.

सावधान: या गटातल्या बऱ्याच गाड्यांचं ईसीयू रीमॅप केलेलं असतं, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या संगणकाचं सॉफ्टवेअर बदललेलं असतं, सायलेन्सर बदललेला असतो. विमा कंपनीला कळवलेलं नसेल तर क्लेम अडतो, आणि मूळ गिअरबॉक्स वाढीव टॉर्क किती दिवस झेलेल हा प्रश्न वेगळाच. "फक्त स्टेज वन आहे" (म्हणजे पहिल्या पातळीचं रीमॅप) असं कोणी सहज म्हणालं तर मूळ सॉफ्टवेअर परत टाकून देण्याची अट घाला.

## पायरी ६: उभी गाडी

सकाळी जा, आणि इंजिन थंड ठेवायला सांगा. पोहोचल्यावर बोनेटला हात लावा. गरम लागलं तर थांबा, ते थंड होऊ द्या. थंड इंजिन सुरू होतानाचा आवाज आणि धूर सगळ्यात जास्त सांगून जातो.

खाली वाकून टॉर्चने पोट बघा. ऑइल पॅनवर आणि पुढच्या बंपरखाली ओरखडे किती खोल आहेत? टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर मालकाने बाकी ठिकाणीही काटकसर केली आहे असं धरा. आतली कड जास्त झिजलेली असेल तर सस्पेन्शन तपासा. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतील तर पुढचे मागे लावून आयुष्य वाढवायची सोय गेली. लो प्रोफाइल टायर असेल तर अलॉय आतून बघा, खड्ड्यांनी पडलेली चीर तिथे दिसते. आणि स्टेपनी आहे का? ताम्हिणीत रात्री कापलेल्या टायरला पंक्चर किट पुरत नाही.

टीटी आणि मस्टँगच्या दारांना काचेभोवती चौकट नसते. दार उघडताना काच थोडी खाली येते, बंद झाल्यावर वर चढते. ती चढत नसेल किंवा रबर कडक झालं असेल तर पावसाळ्यात सीट ओली होणार. नळीने छतावरून दहा मिनिटं पाणी सोडा, मग कार्पेटखाली हात घाला. वास घ्या. कुबट वास परफ्यूमने झाकलेला असतो, तोही ओळखू येतो.

शेवटी ओबीडी रीडर लावा. सगळे कोड नुकतेच पुसलेले दिसले तर विचारा का.

## पायरी ७: आता चालवा

उरलेल्या सगळ्या गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर आणि याच क्रमाने चालवा. आधी हायवे केला की पुढचं काही दिसेनासं होतं.

१. मागच्या सीटवर स्वतः बसा. पुढची सीट तुमच्या मापाची लावून मागे शिरा आणि पाच मिनिटं बसून राहा. मग घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा. लहान मूल असेल तर त्याची सीट बरोबर नेऊन बसवून बघा. लांब दारातून वाकून बेल्ट लावणं रोज जमेल का, ते तिथेच कळतं.

२. डिकी भरा. नेहमीच्या दोन बॅगा घेऊन जा. इथे टीटी आश्चर्याचा धक्का देते. तिचं मागचं झाकण काचेसकट उघडतं आणि सीट आडव्या होतात, दोघांच्या आठवड्याच्या सामानाला भरपूर.

३. गर्दी. वीस मिनिटं, एसी लावून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. डीएसजी सुटताना थरथरतो का? क्लच जड लागतो का? मागचं किती दिसतं? कूपेचा मागचा खांब जाड असतो, डावीकडून घुसणारा स्कूटरवाला त्यात लपतो.

४. खराब रस्ता. काच बंद, गाणी बंद. खडखड ऐका. गोल्फ जीटीआय असो वा मस्टँग, खड्ड्यात आदळल्यावर अंगात जे येतं ते रोज येणार आहे.

५. घाट आणि मोकळा रस्ता. पुढची चाकं ओढणाऱ्या हॅचमध्ये दुसऱ्या गिअरला पूर्ण दाब दिला की स्टिअरिंग एका बाजूला ओढ घेतं. अबार्थमध्ये ते स्पष्ट जाणवतं. मस्टँग मागच्या चाकांची, ४०१ पीएसची. ओल्या वरंध घाटात पाय हलका ठेवायची शिस्त नसेल तर ती तुमची गाडी नाही. क्वात्रोवाली टीटी पावसात या सगळ्यांत निश्चिंत.

वेगाच्या आकड्यांवर फार वेळ घालवू नका. गोल्फ जीटीआय शंभरला ५.९ सेकंदांत पोहोचते, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मर्यादाच शंभरची आहे, वर कॅमेरे. माझ्या मते १२० पीएसची हॅच तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना जी मजा देते ती रोज परवडते. मोठ्या गाडीची मजा महिन्यातून एखाद्या पहाटे.

## पायरी ८: निवड आणि व्यवहार

गुण देऊन बेरीज करू नका, त्यात मन हवं ते उत्तर काढून घेतं. गाळणी लावा. रॅम्पवर अडली, बाद. मागच्या सीटला घरच्यांचा नकार, बाद. पाचपैकी दोन वस्तूंना मिळण्याची तारीख नाही, बाद. जी उरेल तीच घ्या. दोन उरल्या तर जिच्याकडे पार्किंगमधून निघताना मागे वळून बघाल ती. तोवर आवडीला मत द्यायचा अधिकार तुम्ही कमावलेला असतो.

वापरलेली कूपे ठरली असेल तर किमतीच्या निदान दहा टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळी ठेवा. ती बाजूला काढून उरलेल्यात गाडी बसत नसेल तर ती परवडत नाही.

टोकन देताना अटी लेखी घ्या: मूळ सॉफ्टवेअर, दोन्ही चाव्या, सर्व्हिसच्या पावत्या, थकीत चलन विक्रेत्याने भरायचं. डिलिव्हरी लेटरवर तारखेबरोबर वेळही लिहा. त्याआधी झालेल्या चलनाची जबाबदारी त्याची, नंतरची तुमची. विमा १४ दिवसांच्या आत नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याबरोबर जातो, त्यामुळे हप्ता वाढेल. एजंटने "फाइल आरटीओत आहे" म्हटलं तरी अर्जाची पावती हातात येईपर्यंत सगळे पैसे देऊ नका. थोडी रक्कम वाहन पोर्टलवर तुमचं नाव दिसेपर्यंत राखून ठेवायची, हेही टोकनच्याच कागदावर लिहून घ्या.